चाकू हातात देऊ नये

गेल्या महिन्यात माझा पुतण्या अमोल खांदा कॉलनीतून मुद्दाम मला भेटायला आला. मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात त्याने परदेशी बनावटीचा घडीचा चाकू पाहिला होता. किंमत ऐकून तो दुकानातून बाहेर पडला खरा, पण चाकू काही मनातून जाईना.

"काकू, तू इतकी वर्षं चाकू विकलेस," तो म्हणाला. "खरं सांग, खिशात ठेवायच्या चाकूला एवढे पैसे द्यावेत का? की स्वस्तातला घ्यावा, बोथट झाला की फेकावा आणि दुसरा घ्यावा?"

मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि उत्तर द्यायचं टाळलं. हा प्रश्न मला नवा नव्हता. याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या नवऱ्याचं दुकानात सात-आठ वर्षं भांडण चाललं होतं. श्रीधरला जाऊन आता दीड वर्ष होईल. भांडणातली माझी बाजू अजून माझ्याकडे शाबूत आहे, त्याची बाजू मांडायला मात्र कोणी उरलेलं नाही. म्हणून या लेखात ती मीच मांडून बघणार आहे. जमेल तशी.

पनवेलला टपाल नाक्याकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला आमचं दुकान. चाकू, कात्र्या, अडकित्ते, विळ्या आणि कुलपं. दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. दुकान सासऱ्यांच्या वेळचं. मी मराठी घेऊन एम.ए. केलेलं आणि लग्नानंतर काही वर्षं शाळेत शिकवत होते. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून गल्ल्यावर बसले, ती तिथून उठलेच नाही. गिऱ्हाईक नसलं की पुस्तक उघडायचं, ही माझी सवय. कात्री घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने एकदा मला फार काळजीने विचारलं होतं, "वहिनी, परीक्षा कधी आहे?"

दुकानात एक नियम होता. चाकू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. गल्ल्यापुढे एक सागवानी फळी होती. आम्ही चाकू फळीवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने तो तिथून उचलायचा. हातातून हातात चाकू दिला की दोघांचं भांडण होतं, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. घरात ती कोणी पाळतं, कोणी पाळत नाही. पण दिवसभर पात्यांचीच देवघेव करणाऱ्या माणसाने ती पाळायलाच हवी, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. फळीच्या मधोमध वर्षानुवर्षांच्या ठेवण्या-उचलण्याने एक उथळ खळगा पडला होता. खंडेनवमीला आम्ही इतर माल पुजायचो, तेव्हा फळीवरही झेंडूचं एक फूल ठेवायचो.

घडीच्या चाकूत विशेष ते काय असतं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. एक पातं, एक मूठ आणि मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी. खरी गोम त्या पट्टीत असते. पातं उघडताना ती किंचित उचलली जाते आणि पातं पूर्ण उघडलं की परत जागेवर बसते. चांगला चाकू बसताना 'टक्' असा आवाज करतो. आमच्या धंद्यात त्याला चाकू बोलला म्हणतात. मुका चाकू घेऊ नये. उघडलेलं पातं दोन बोटांत धरून हलवून पाहावं. जरा जरी हललं तरी पुढे ते कधीतरी आपल्याच बोटांवर मिटणार. बाकी मूठ कसली, चकाकी किती, याला फारसा अर्थ नसतो, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच बघतं.

आमच्याकडचे असे बोलणारे चाकू करायचे युसूफभाई. गाढी नदीच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची भट्टी होती. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद ते गॅरेजवाल्यांकडून घ्यायचे, तापवून ठोकायचे, पाणी द्यायचे आणि घासून पातं करायचे. मुठीला म्हशीचं शिंग. पात्याच्या मुळाशी दोन टिंबं ठोकलेली असायची, ती त्यांची सही. माणूस कमालीचा गर्विष्ठ. दुकानात आले की आधी काचेच्या कपाटातले दुसऱ्यांचे चाकू बघून नाक मुरडायचे आणि मगच बसायचे.

"भाभी, हे काय ठेवलंय? चमचे?"

"स्टेनलेसचे चाकू आहेत युसूफभाई. लोक मागतात."

"लोग तो जहर भी मांगते हैं. तुम्ही द्याल?"

श्रीधर हसायचा आणि त्यांच्यासाठी चहा सांगायचा. दोघांची दोस्ती लहानपणापासूनची. युसूफभाईंनी आपल्या हाताने केलेला पहिला चाकू श्रीधरच्याच खिशात होता. आमच्या लग्नात त्याने तोच हातात धरला होता.

हे जरा सांगायला हवं. आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार किंवा चाकू देतात आणि त्याच्या टोकाला लिंबू खोचतात. वाऱ्यावरचं काही लागू नये म्हणून. लग्न होऊन वरात घरी येईपर्यंत तो हातातून सुटत नाही. पुढे घरात मूल जन्माला आलं की तोच चाकू बाळंतिणीच्या उशाखाली जातो. पनवेल-उरणकडच्या गावांत हळदीचा थाट लग्नाहून मोठा, त्यामुळे लग्नसराईत आमच्याकडे नवरदेवाच्या चाकूंची मोठी विक्री असायची. आमचा अर्धा धंदा हळदीवर चालतो, असं श्रीधर म्हणायचा.

उरलेला अर्धा तऱ्हेतऱ्हेच्या माणसांवर. निवडणुकीच्या आधी एक हवालदार तपासणीला यायचे. कायद्याने ठरवलेल्यापेक्षा लांब नाही ना, म्हणून फूटपट्टीने एकेक पातं मोजायचे, कपाळाला आठ्या घालून. सगळं मोजून झालं की त्यातलाच एक फळीवरून उचलून त्याने सुपारी कातरून बघायचे. एका वर्षी तो विकत घेतला आणि पुढच्या तपासणीला स्वतःचाच चाकू मोजायला काढला. दुसरा नारायण. ओवे गावाकडच्या एका रोपवाटिकेत तो आंब्याची कलमं बांधायचा. कलमाचा काप एका फटक्यात आणि गुळगुळीत बसायला लागतो. पातं चिरडत गेलं की काडी वाळते, आणि महिन्याभराने मालक बोलतो. त्यामुळे चाकूच्या बाबतीत त्याचा कोणावर विश्वास नव्हता. धार पाहायला तो डाव्या हातावरचे केस भादरायचा. प्रत्येक चाकूने थोडे थोडे. त्याच्या डाव्या हातावर मी केस असे कधी पाहिलेच नाहीत.

"नारायण, आता उजवा हात काढ," श्रीधर म्हणायचा.

"उजव्यावर लागलंच तर कलमा कोन बांदनार शेठ? तुमी?"

नारायणही दोन टिंबांवाल्या चाकूशिवाय दुसरा घेत नसे. एक चाकू तो इतकी वर्षं वापरायचा की धार लावून लावून पातं निमुळतं होत काडीएवढं उरायचं.

अशा या चाकूंची किंमत चढायला लागली ती नव्वद सालाच्या पुढेमागे. कमानपाटे भंगारवाले परस्पर मोठ्या गाड्या भरून नेऊ लागले. कोळसा महागला, मुठीच्या खिळ्यांचं पितळ महागलं. पस्तीस रुपयांचा चाकू पंचेचाळीसचा झाला, मग साठचा, मग ऐंशीचा. त्याच वेळी कारखान्यातले चकचकीत चाकू वीस-पंचवीस रुपयांत यायला लागले. लाल-निळ्या मुठी, पात्यावर वाघाचं चित्र. ते गंजत नसत. धारही फार दिवस धरत नसत, पण हे लोकांना घरी गेल्यावर कळायचं आणि तोवर वीस रुपयांची हळहळ वाटेनाशी झालेली असायची.

मी गल्ल्यावर बसणारी. मला दिसत होतं ते असं होतं, की युसूफभाईंचे चाकू कपाटात पडून राहतात, त्यांना गंज चढू नये म्हणून मलाच दर आठवड्याला तेलाचं फडकं फिरवावं लागतं, आणि वाघाचे चाकू खोके फोडायच्या आत संपतात. मी श्रीधरला म्हटलं, युसूफभाईंकडून घेणं आता बंद करू या.

"त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला. "आपण बंद केलं की भट्टी विझली."

"मग स्वस्तातला करून द्या म्हणावं."

श्रीधरने विचारलंही. युसूफभाई दुकानातच होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सस्ता? करतो ना. पण त्याच्यावर दोन टिंबं नाही मारणार. आणि बिनटिंबाचा चाकू मी करत नाही. हिसाब खतम."

"युसूफभाई, रागावू नका," मी म्हटलं. "लोकांना परवडत नाही हो."

"भाभी, तुम्ही किताबं वाचता. महाग झाली म्हणून अर्धी वाचून सोडता काय?"

या टोल्याचा राग मी रात्री जेवताना श्रीधरवर काढला. तिथून आमचं भांडण सुरू झालं. आवाज चढवून भांडणारी माणसं आम्ही दोघंही नव्हतो. भांडण म्हणजे दर लग्नसराईच्या आधी एकच प्रश्न मी विचारायचा आणि त्याने "या वर्षी घेऊ, पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं. नंतर दोन-तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मालाविषयी बोलायचो.

अशातच एका मे महिन्यात कामोठ्याचे बाळारामशेठ दुकानात आले. जमीन नव्या शहरात गेली, त्याचे पैसे आले होते आणि थोरल्या मुलाचं, महेशचं लग्न त्यांनी तीन गावं जेवतील असं केलं होतं. महेशचा हळदीचा चाकू आमचाच होता, दोन टिंबांचा. श्रीधरने स्वतः निवडून फळीवर ठेवला होता. आता बाळारामशेठनी तो खिशातून काढला आणि फळीवर आपटला. मागे महेश खाली मान घालून उभा, मनगटावर अजून हळदीचा रंग.

"शेठ, ह्यो चाकू तुमचाच ना?"

"आमचाच. टिंबं आहेत की."

"मंग टोकाला बघा. लिंबू काडला तं काला परलेला! लग्नाच्या घरात! बायका नाय नाय तं बोलतान. एवरं पैसं दिलं तं काय काला चाकू न्यायला?"

पात्याच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढा काळा-निळा डाग होता. श्रीधरने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"लिंबू कधीपासून खोचलेलं होतं?"

"हलदीच्या सांजंपासून. वरात घरान येईपर्यंत."

"पोलाद आहे, शेठ. लिंबाने काळं पडणारच. त्यात खोट नाही. हा बघा माझा." श्रीधरने खिशातून आपला चाकू काढला, उघडला आणि त्यांच्या चाकूशेजारी ठेवला. त्याच्याही टोकाशी तसाच डाग होता, जुना, राखी झालेला. "माझ्या लग्नातला आहे. वीस वर्षं होऊन गेली."

बाळारामशेठनी दोन्ही चाकू पाहिले. मग श्रीधरकडे पाहिलं.

"तुमचं लगीन कसं झालंय तं आमाला काय म्हाईत?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "बरं झालंय."

सगळे हसले. महेशही हसला. पण बाळारामशेठ ऐकेनात. डाग हा डागच, आणि तोही सुनेच्या पहिल्या पावलालाच. त्यांना चकचकीतच चाकू हवा होता. मी वाघाचा एक फळीवर ठेवला, किमतीतला फरक परत केला आणि ते गेले. त्यांचा काळा पडलेला चाकू खळग्यात तसाच पडून राहिला.

"युसूफभाईंकडून डाग घासून घेऊ," मी म्हटलं. "नवाच तर आहे. विकता येईल."

"लग्नातला चाकू आहे. घासायचा नाही आणि विकायचाही नाही."

"मग काय करायचं त्याचं?"

"ठेवायचा." त्याने चाकूला तेल लावलं, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळला आणि खणात ठेवून दिला.

त्या दिवसाइतका राग मला त्याच्यावर कधी आला नसेल. बोलणं पसरायला वेळ लागत नाही. अमक्याच्या दुकानातला चाकू हळदीत काळा पडतो, हे पुढच्या महिन्याभरात खाडीपर्यंतच्या गावांत पोचलं. नवरदेवाकडचे लोक दारातूनच विचारायचे, "काला नाय ना परनार?" आणि मी वाघाचे चाकू काढायचे. युसूफभाईंचा एकही चाकू त्या सराईत लग्नाला गेला नाही. मी श्रीधरला म्हटलं, आता तरी पुरे. त्याने पहिल्यांदाच 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं नाही. नुसता गप्प राहिला. तो गप्प राहिला म्हणजे मी जिंकले होते, पण मला बरं वाटलं नाही. युसूफभाईंना सांगायचं कोणी, एवढंच राहिलं होतं. ते आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळा गेला.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी दुकानासमोर मोटरसायकल थांबली. महेश एकटाच आला होता. पायरीवर उभा राहून आधी त्याने आत दुसरं कोणी आहे का ते पाहिलं.

"वयनी, त्यो माजा चाकू... इकला काय तुमी?"

मी श्रीधरकडे पाहिलं. तो कुलूप दुरुस्त करत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"का रे?" मी विचारलं.

महेशने सांगितलं ते असं. बायकोला दिवस होते आणि बाळंतपणासाठी ती सासरीच राहणार होती. आजीने उशाखाली ठेवायला लग्नातला चाकू मागितला. घरच्यांनी वाघाचा काढून दिला. आजीने तो उघडला, टोक बघितलं आणि बाजूला टाकला.

"म्हनते, ह्यो नाय. हलदीला हातान व्हता त्यो आना. लिंबाचा डाग आसंल त्याला, बघून घ्या म्हनते. डाग नाय तं त्यो चाकू नाय." त्याने घाम पुसला. "बाबांना म्हाईत नाय मी आलोय तं. पन घरान रोज कालवा चाललाय. डागाचा दुसरा आसंल तरी द्या, आजीला काय कलनार?"

"कळेल," श्रीधर म्हणाला. त्याने खण उघडला, फ्लॅनेल सोडलं आणि चाकू फळीवर ठेवला.

महेशने तो उचलला, उघडला. टक्. डाग जागेवर होता. महेश बराच वेळ अंगठा त्यावरून फिरवत राहिला. दुकानात आल्यापासूनची त्याची घाई एकदम गेली.

"किती झालं?"

"काही नाही. तुझाच आहे," श्रीधर म्हणाला.

त्याने आणलेला वाघाचा चाकू आणि फरकाचे पैसे मात्र मी घेतले. आधी परत केलेले होते, ते घेणं रीतसरच होतं. श्रीधर कुलपाकडे बघत राहिला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. हसू दाबलं की व्हायचे तसे.

महेश गेल्यावर मी पुस्तक उघडलं. एक पानही पुढे सरकलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "युसूफभाईंना सांगा, या सराईचा माल लवकर पाठवा."

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. अमोलला सांगायलाही सोपी गेली असती. पण धंदा असा एका आजीवर उभा राहत नाही. त्या सराईत काही घरांतून डाग पडणारा चाकू मागायला लोक आले, हे खरं. एका वरमाईने तर "डाग नक्की पडतो ना? नाहीतर परत आणीन" असं मला बजावलं. दोन-तीन वर्षं बरी गेली. किंमत चढतच राहिली, लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली, हळदीला भाड्याच्या चंदेरी कट्यारी आल्या, त्यांना धार नसे आणि लिंबूही प्लॅस्टिकचं. युसूफभाईंचा एक मुलगा आखातात गेला, दुसरा टेंपो चालवायला लागला. घण मारताना त्यांचा हात थरथरायला लागला. हे आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. टिंबं वाकडी पडायला लागली, त्यावरून कळलं.

शेवटचा माल ते स्वतः घेऊन आले. पिशवीतून एकेक चाकू काढून फळीवर मांडला. प्रत्येकाची टिंबं सरळ होती. किती वेळ लागला असेल कोण जाणे.

"बस. आता नाही," ते म्हणाले. मुलीकडे महाडला जाणार होते.

"काय भावाने विकू?" श्रीधरने विचारलं.

"जितनी इज्जत है, उतने में." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, तुम्ही सांगा. तुमचं हिसाब पक्का आहे."

मी चाकू कपाटात लावायला घेतले. भट्टीच्या जागी पुढे टायर पंक्चरचं दुकान झालं.

त्यानंतर मला एक गोष्ट लक्षात यायला लागली. श्रीधर त्या चाकूंची किंमत दर काही महिन्यांनी वाढवत होता. शंभर, दीडशे, अडीचशे. भट्टी बंद, माल येणार नाही, म्हणून मागणी वाढली असं काही नव्हतं. विचारणारं कोणी नव्हतंच. कधी एखादा नव्या पनवेलचा हौशी माणूस काचेवर बोट ठेवून विचारायचा आणि श्रीधर किंमत सांगायचा, की तो माणूस आमच्या चेहऱ्यांकडे बघत पायरी उतरायचा.

"विकायचे नसतील तर कपाटातून काढून ठेवा," मी एकदा म्हटलं.

"मांडलेले असू देत. लोकांना कळू दे असा चाकू असतो ते."

"एवढ्या किमतीला?"

"महाग वाटला तरी चालेल. स्वस्त वाटायला नको."

तेवढ्यात पायरीवर नारायण. त्याचा चाकू काडीएवढा झाला होता आणि कलमांचा हंगाम तोंडावर होता. त्याने कपाटातले चाकू पाहिले, किमतीची चिठ्ठी पाहिली आणि चिठ्ठीवरच्या आकड्याकडे असा बघत राहिला, जणू आपलीच वाचण्यात चूक झाली असावी. श्रीधरने चिठ्ठी काढून खिशात घातली, एक चाकू फळीवर ठेवला आणि सांगितलं, "पस्तीस रुपये."

ही किंमत कितीतरी वर्षांपूर्वीची. नारायणने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने चाकू उचलला, बाही वर केली आणि डाव्या हातावर फिरवला. तिथे भादरायला काही नव्हतंच, पण रीत ती रीत.

"ह्यो तं लय बोलतंय, शेठ," तो चाकू मिटत म्हणाला.

असे एकेक करून ते चाकू गेले. ज्याचं त्याच्यावाचून अडत होतं त्याला जुन्या भावाने, बाकीच्यांना नव्या भावाने, म्हणजे कोणालाच नाही. हिशेबात हे कसं मांडायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यातला एक अजून माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात श्रीधरला छातीत दुखायला लागलं म्हणून इस्पितळात ठेवलं. दोन दिवसांत बरं वाटलं, तोंडाला चव आली. मी मोसंबी नेली होती. सोलायला काही नव्हतं, तेव्हा त्याने उशीखालून आपला चाकू काढला. तिथेही तो घेऊन आला होता. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने मला तो चाकू कधी हातात दिला नव्हता. घरात जेवायच्या टेबलावर, गच्चीत कठड्यावर, गाडीत सीटवर, कुठेही असो, तो चाकू ठेवायचा आणि मी उचलायची. इतकं अंगवळणी पडलेलं की बाहेरचं कोणी बघायला लागलं तरच आमच्या लक्षात यायचं.

त्या दिवशी कॉटशेजारच्या टेबलावर औषधं, थर्मास, रिपोर्टांचे मोठे लिफाफे. माझ्या मांडीवर मोसंब्यांची पिशवी. एका हाताला सलाईन लावलेलं. तो चाकू हातात धरून जागा शोधत राहिला.

"ठेवा की कुठेतरी," मी म्हटलं.

"कुठे ठेवू? इथे फळी कुठे आहे?" आणि त्याने मिटलेला चाकू सरळ माझ्या तळहातावर ठेवला. मग जरा हसला. "फार तर काय होईल? भांडण होईल. आपल्याला काय त्याची नवलाई?"

मी मोसंबं सोललं. सालीच्या रसाचा एक थेंब डागावर पडला, तो पुसून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

अमोलने त्या दिवशी चहा संपवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी कपाटातून युसूफभाईंचा शेवटचा चाकू आणला आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. त्याने तो उघडला. आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि पुन्हा मिटून उघडला.

"हा केवढ्याला?"

मी किंमत सांगितली.

"काकू! हा तर त्या परदेशी चाकूपेक्षाही महाग आहे!"

"हो," मी म्हटलं. "दर वर्षी वाढते."

चाकूला इतके पैसे द्यावेत का, याचं माझं उत्तर हिशेबाने अजूनही नाही असंच आहे. मी गल्ल्यावर बसले होते, मला माहीत आहे. त्यावर श्रीधर काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. त्यापुढे मी काय म्हणाले असते आणि तो कसा गप्प बसला असता, तेही. सगळं तयार आहे. त्याचा चाकू आता माझ्या पर्समध्ये असतो. फळं कापते, लिफाफे उघडते, जुन्या पुस्तकांची न कापलेली पानं कापते. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं म्हणतात.

मी अजून वाट बघते आहे.